सूतिका-अभ्यंग

गर्भारपणाच्या अखेरच्या काळात, प्रसूतिवेणा चालू असताना आणि विशेषतः प्रसूतीनंतरच्या पहिल्या पाच-सहा आठवड्यांत स्त्रीच्या अंगास कोमट तेल लावून ते हातांनी जिरविणे व अंग चोळणे, या उपचारास सूतिका-अभ्यंग असे म्हणतात. सूतिका म्हणजे बाळंतीण आणि अभ्यंग म्हणजे तेलाने माखणे. बोलभाषेत ‘अंगाला तेल लावणे’, ‘अंग रगडणे’, ‘न्हाऊ-माखू घालणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. ‘मालिश’ हा शब्द त्यामानाने अलीकडचा होय. महाराष्ट्रात अभ्यंग हा एकटा उपचार नसून त्यापाठोपाठ कढत पाण्याचे स्नान, शेक, धुरी, पोट बांधणे व विशिष्ट आहार हे सर्व ओघाने येते. बाळंतिणीला तेल लावणारी व तान्ह्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी स्त्री एकच असते.

या उपचाराविषयी दोन टोकांची मते आढळतात. चोळल्याने सुटलेली हाडे व उतरलेले गर्भाशय जागेवर बसते, अंगात शिरलेला वारा निघतो, असे परंपरा मानते. तर ही सर्व निरर्थक रूढी असून ती सोडून द्यावी, असे काही काळ रुग्णालयांतून सांगितले जात असे. दोन्ही मते तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण मर्दनाने काय साधते व काय साधत नाही, यापेक्षाही हात कोठे व केव्हा लावू नये हा प्रश्न बाळंतिणीच्या जिवाशी निगडित आहे.

प्राचीन वैद्यकातील विचार : चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणी व सूतिका यांच्या परिचर्येचे सविस्तर विवेचन आहे. नवव्या महिन्यात मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाचा अनुवासन बस्ती व योनिमार्गात तेलाचा पिचू (बोळा) ठेवण्यास सांगितले असून, अधोमार्ग स्निग्ध होऊन वायूचे अनुलोमन व्हावे हा त्यामागील हेतू आहे. सातव्या महिन्याच्या सुमारास पोटावर व स्तनांवर उमटणाऱ्या चिरांना (किक्किस) खाज सुटली, तरी खाजवून त्वचा फाडू नये, लेप लावावा व अगदीच असह्य झाल्यास हलक्या हाताने चोळावे, अशी सूचना आहे. वेणा चालू असता कंबर, कुशी, पाठ व मांड्या या भागांस कोमट तेल लावून तिला सुख वाटेल इतपतच ते चोळावेत, असे चरकाचार्य म्हणतात. सुख वाटेल इतपतच, ही मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. वेणा वाढविण्यासाठी आसन्नप्रसवेने मुसळाने धान्य कांडावे, असे एक मत त्या काळी प्रचलित होते; आत्रेयांनी ते स्पष्ट शब्दांत खोडून काढले आहे. गर्भिणीने दारुण श्रम टाळावेत असे सतत सांगायचे आणि ऐन प्रसूतीच्या वेळी तेच करावयास लावायचे, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली.

प्रसूतीनंतर चरकसंहितेत स्नेहपान, पोटास तूप व तेल चोळून मोठ्या स्वच्छ वस्त्राने ते वेष्टिणे आणि उष्णोदकाचे परिषेचन सांगितले आहे. पोट रिते झाल्याने निर्माण झालेल्या पोकळीत वायूने विकृती करू नये, हे वेष्टनाचे कारण होय. सुश्रुतसंहितेत बलातैलाचा अभ्यंग सांगितला आहे. बला म्हणजे चिकणा ही वनस्पती. तिच्या मुळांचा काढा व दूध घालून तिळाचे तेल सिद्ध करतात. वाग्भटाने नवव्या महिन्यापासून गर्भिणीचे अंग तेलावाचून कोरडे ठेवू नये असे म्हटले असून, सूतिकेच्या पथ्याची मर्यादा साधारणपणे दीड महिना मानली आहे. महाराष्ट्रातील सव्वा महिन्याची प्रथा व आधुनिक प्रसूतिविज्ञानातील सहा आठवड्यांचा सूतिकाकाल यांच्याशी ही मर्यादा जवळपास जुळते.

काश्यपसंहितेतील विवेचन अधिक व्यवहारदर्शी आहे. प्रसूती होताच स्त्रीस पालथे निजवून पाठ चोळावी, पोट दाबून आत राहिलेला दोष बाहेर काढावा व मग वस्त्राने वेष्टावे, असा क्रम तेथे आहे. त्याचबरोबर देशभेदाने उपचार बदलावा, असेही सांगितले आहे : आनूप म्हणजे दमट, जलबहुल प्रदेशातील सूतिकेस आरंभी स्नेह देऊ नये, तर जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशातील सूतिकेस तो विशेष मानवतो. देशावर राहणाऱ्या स्त्रीला तीळतेल व तूप मानवते आणि कोकणातील स्त्रीला पेज आधी हवी, या वृद्ध स्त्रियांच्या अनुभवाशी हा भेद मिळताजुळता आहे. [→ आयुर्वेद, कौमारभृत्य].

अहिल्यानगर परिसरातील प्रघात : २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेला पूर्वीचा अहमदनगर जिल्हा बव्हंशी पर्जन्यछायेत मोडतो, आयुर्वेदाच्या परिभाषेत तो जांगल देश होय. हवा कोरडी, हिवाळा बोचरा, आहारात बाजरी व ज्वारी आणि तेलबियांत करडई, अशी ही भूमी आहे. त्यामुळे बाळंतिणीसाठी तिळाच्या तेलाबरोबर करडईचे घाण्याचे तेलही वापरात राहिले. खोबरेल हे किनारपट्टीचे तेल बाजारपेठेमुळे रूढ झाले. अहमदनगर शहरात आयुर्वेदाच्या अध्यापनाची परंपराही जुनी आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली तेथे आयुर्वेद महाविद्यालयाचा पाया घातला व त्यामुळे बलातैल, नारायण तेल, चंदनबलालाक्षादी तेल ही शास्त्रोक्त तेले घरगुती तेलाच्या जोडीला आली.

शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेले सावेडी हे मूळचे वेगळे गाव. वसाहती वाढत जाऊन ते आता शहराचे मोठे उपनगर झाले आहे. गावठाणातील जुनी घरे, नोकरदारांच्या बंगल्यांच्या वसाहती व नव्या सदनिका तेथे शेजारी-शेजारी आहेत आणि सूतिका-अभ्यंगाचे जुने व नवे रूप अशाच ठिकाणी एकत्र पाहावयास मिळते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल दोन्हीकडे टिकून आहे. प्रसूती मात्र घरी होत नाही. राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील सु. ९५ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्या आणि सु. एक-चतुर्थांश प्रसूती उदरपाटन (सीझेरियन) शस्त्रक्रियेने झाल्या. म्हणजे सुइणीचे प्रसूती करण्याचे काम संपले, पण तेल लावण्याचे काम उरले. ते आता सकाळी घरोघर जाणाऱ्या, ठरावीक मोबदला घेणाऱ्या बाईकडे आले आहे. घरात आजी वा आत्या असेल तर तिच्याकडे.

पूर्वापार क्रम असा : कोठे तिसऱ्या, कोठे पाचव्या दिवसापासून सकाळी बाळंतिणीला पाटावर बसवून किंवा चटईवर निजवून तेल लावतात. तेल वाटीत घेऊन ती वाटी कढत पाण्यात ठेवतात. आधी पाय, मग मांड्या, कंबर, पाठ, हात व शेवटी टाळू, असा अनुक्रम असतो. टाळूवर मूठभर तेल थापून जिरविल्याशिवाय तेल लावणे पुरे झाले असे कोणी मानीत नाही. नंतर डाळीचे पीठ व हळद लावून बंबातील कढत पाण्याने न्हाऊ घालतात. हे पाणी कमरेवर व पाठीवर धारेने सोडण्याकडे विशेष लक्ष असते. न्हाणे झाल्यावर जुन्या मऊ लुगड्याच्या पट्ट्याने पोट आवळून बांधतात, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देतात आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी करतात. त्यानंतर अळिवाची खीर किंवा डिंकाचा लाडू आणि झोप.

या झोपेचा विचार वैद्यकीय लेखनात क्वचितच केला जातो. वास्तविक सबंध उपचारातील सर्वांत निर्विवाद लाभ तिचाच असावा. रात्रभर तान्ह्यासाठी जागणाऱ्या स्त्रीला सकाळी तासभर कोणी तरी हाताळते, कढत पाणी देते, जेवू घालते आणि तिला निजू देऊन मूल सांभाळते. सव्वा महिना चूल, पाणी, शेत यांपासून तिला मोकळीक मिळते. जिच्या वाट्याला एरवी विश्रांती येत नाही, अशा कष्टकरी स्त्रीला रूढीच्या बळावर मिळणारी ती एकमेव रजा होय. ज्या घरी शेतमजुरीवर पोट अवलंबून असे, तेथे मात्र ही रजा दहा-बारा दिवसांवर येई. अभ्यंग सर्वांच्या वाट्यास सारखा आला, असे म्हणता येत नाही.

तेल लावणाऱ्या स्त्रीचे सामाजिक स्थानही विचित्र होते. बाळंतिणीस विटाळ मानला जाई आणि तो विटाळ अंगावर घेणारे काम अनेक ठिकाणी मांग, न्हावी इ. समाजांतील वयस्क स्त्रियांकडे असे. जिला घराच्या ओसरीवर चढू देत नसत, तिच्याच हाती त्या दिवसांत माय व मूल सोपवावे लागे. बिदागी म्हणून लुगडे-चोळी, धान्य व नारळ मिळे. रोख रक्कम बहुधा नसे.

शरीरात होणारे बदल व मर्दनाचा परिणाम : प्रसूतीनंतर गर्भाशयाचे वजन सु. १ किग्रॅ. असते व त्याचा माथा बेंबीच्या आसपास हाताला लागतो. एका आठवड्यात वजन सु. निम्मे होते, दोन आठवड्यांच्या सुमारास गर्भाशय श्रोणीत उतरते व सहा आठवड्यांत त्याचे वजन १०० ग्रॅ.पेक्षा कमी होऊन ते जवळजवळ पूर्ववत होते. हे आकुंचन स्नायुतंतूंच्या अंतर्गत क्रियेने व ऑक्सिटोसीन या हॉर्मोनामुळे घडते. मूल अंगावर पिऊ लागले की हे हॉर्मोन स्रवते. म्हणूनच दूध पाजताना ओटीपोटात कळा येतात. बाहेरून पोट चोळल्याने हे काम लवकर होते, यास पुरावा नाही. हाडांविषयीची समजूतही अशीच आहे. गर्भारपणात श्रोणीच्या सांध्यांचे बंध हॉर्मोनांमुळे सैल झालेले असतात आणि ते काही आठवड्यांत, काही स्त्रियांत काही महिन्यांत, आपोआप आवळतात. हाडे सुटलेली नसतात, त्यामुळे ती बसविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. उलट बंध सैल असताना कंबर वा मांडीचे सांधे ओढून-ताणून ‘मोडल्यास’ त्यांना इजा होते.

असे असले, तरी मर्दनाचा परिणाम कल्पित नाही. स्नायूंतील ताठरता उतरते, त्वचेतील रक्ताभिसरण वाढते आणि वेदना कमी जाणवते. १९६५ साली रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या द्वारनियंत्रण सिद्धांतानुसार स्पर्श व दाब यांच्या संवेदना मेरुरज्जूच्या पातळीवर वेदनेच्या संवेदनांना अंशतः अडवितात. दुखरा भाग चोळल्याने बरे वाटते ते यामुळे. मूल पाजताना वाकून बसल्याने मान व खांदे भरून येतात, कंबर दुखते. या तक्रारींवर पाठीचे मर्दन उपयोगी पडते. वेणा चालू असताना माकडहाडाच्या वरच्या भागावर तळहाताने स्थिर दाब दिल्यास कळा सुसह्य होतात, हा सुइणींचा अनुभव आहे. प्रसूतीतील मर्दनावरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही वेदना कमी होण्याकडे कल दिसला, मात्र पुरावा कमी प्रतीचा असल्याचे नमूद केले आहे.

प्रसूतीपूर्वी करावयाच्या एका मर्दनास मात्र चाचण्यांचा चांगला आधार मिळाला आहे. गर्भारपणाच्या ३४–३५ व्या आठवड्यापासून योनिद्वार व गुदद्वार यांमधील भागास (मूलाधारास) तेल लावून बोटाने आठवड्यातून एक-दोनदा हलकेच ताण दिल्यास, पहिलटकरणीस प्रसूतीच्या वेळी टाके पडण्याचे, विशेषतः छेद घ्यावा लागण्याचे प्रमाण काहीसे घटते. हे मर्दन स्त्रीने स्वतः किंवा तिच्या पतीने, हात स्वच्छ धुऊन करावयाचे असते. चरकसंहितेतील नवव्या महिन्याच्या पिचूशी त्याचे साम्य लक्षवेधक आहे. परंतु दोन्हींचे प्रयोजन एकच होते असे त्यावरून ठरविता येत नाही.

गर्भारपणातील मर्यादा : गर्भिणीच्या पोटाचे मर्दन करू नये, हा मुख्य नियम होय. पोटावर तेल नुसते हलक्या हाताने लावण्यास हरकत नाही. जोराने चोळल्यास किंवा दाबल्यास वार गर्भाशयापासून अवेळी सुटून आतल्या आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो व त्यात माय आणि गर्भ दोघेही दगावू शकतात. मूल आडवे किंवा पायाळू असल्यास पोट चोळून ते फिरविण्याचा प्रयत्न सुइणी करीत. गर्भ बाहेरून फिरविण्याची क्रिया आधुनिक प्रसूतिविज्ञानातही आहे. परंतु ती साधारणपणे ३६–३७ आठवडे झाल्यावर, श्राव्यातीत ध्वनिचित्रण (सोनोग्राफी) करून, गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकत व तातडीची शस्त्रक्रिया करता येईल अशाच ठिकाणी केली जाते. घरी ती करू नये.

पाचव्या महिन्यानंतर स्त्रीस उताणे निजवून फार वेळ मर्दन करणेही योग्य नाही, कारण जड गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या अधोमहानीलेवर पडून रक्तदाब उतरतो व घेरी येते. कुशीवर, शक्यतो डाव्या, निजवून पाठीमागे व गुडघ्यांमध्ये उशी द्यावी. पायांवरची सायंकाळची सूज सामान्य असून हलक्या हाताने खालून वर चोळल्यास आराम पडतो. परंतु चेहरा व हात अचानक सुजणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही रक्तदाब वाढल्याची व पुढे झटके येण्याच्या संभवाची लक्षणे होत. ही सूज चोळून उतरत नाही. अशा वेळी तेल लावीत बसण्यात गेलेला दिवस घातक ठरतो.

प्रसूतीनंतरचे धोके : प्रसूती होताच पहिल्या काही तासांत गर्भाशय सैल पडून रक्तस्राव होऊ लागल्यास, ओटीपोटावरून त्याचा माथा हाताने चोळून ते घट्ट करणे हा मान्य प्रथमोपचार आहे, काश्यपसंहितेतील पोट दाबण्याचे मूळ बहुधा याच अनुभवात असावे. तथापि ज्या स्त्रीस ऑक्सिटोसीन टोचले आहे, तिचे पोट केवळ प्रतिबंध म्हणून सतत चोळत राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये सांगितले. गर्भाशय घट्ट आहे की नाही, हे मात्र प्रत्येकीचे तपासावयाचे असते. म्हणजे पोटास हात लावण्याची खरी वेळ पहिल्या काही तासांपुरती, तीही जाणत्या हातांसाठी आहे. आठव्या-दहाव्या दिवशी ‘घाण काढण्यासाठी’ पोट रगडण्यास काही आधार नाही. वेणा चालू असताना मूल बाहेर यावे म्हणून पोटाच्या वरच्या भागावर दाब देण्याची चाल तर अधिक वाईट; २०१८ च्या शिफारशींत तिचा निषेध केला आहे.

उदरपाटन शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीच्या बाबतीत परंपरेजवळ उत्तर नाही, कारण परंपरा घडली तेव्हा ही शस्त्रक्रिया नव्हती. चार बाळंतिणींपैकी एकीच्या पोटावर टाके असताना जुनाच क्रम चालविणे धोक्याचे होय. व्रण भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, पोटास तेल लावू नये, टाक्यांवर कढत पाण्याची धार सोडू नये व पोट करकचून बांधू नये. आधारापुरता सैल पट्टा चालतो. पाय, हात, मान व खांदे यांचे हलके मर्दन स्त्रीस कुशीवर निजवून पहिल्या आठवड्यानंतर, डॉक्टरांच्या संमतीने, सुरू करता येते. स्वाभाविक प्रसूतीनंतरही पोट अतिघट्ट बांधल्यास भार खाली श्रोणीच्या स्नायूंवर येतो; अंग बाहेर येण्याची तक्रार असणाऱ्या स्त्रियांनी तर ते टाळावेच.

सर्वांत फसवा धोका पायांत असतो. गर्भारपणात व प्रसूतीनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि सूतिकाकालाच्या पहिल्या सहा आठवड्यांत ती सर्वाधिक धोकादायक असते. पोटरीतील वा मांडीतील खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्यास एकच पाय सुजतो, तो उष्ण लागतो व दुखतो. पाय दुखतो म्हणून बाळंतीण अधिक जोराने चोळण्यास सांगते आणि चोळणारी कळकळीने चोळते. त्यामुळे गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. हा विकार विरळा आहे. परंतु दोन्ही पायांत फरक दिसल्यास हात न लावता रुग्णालय गाठावे, एवढे प्रत्येक तेल लावणाऱ्या स्त्रीस ठाऊक असावयास हवे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, अंगावरून एकाएकी जास्त जाऊ लागणे, स्तनात लाल व ठणकणारी गाठ, ही लक्षणे असतानाही मर्दन थांबवावे. स्तनाची गाठ तर चोळून ‘फोडण्याचा’ प्रयत्न मुळीच करू नये. त्यामुळे दाह वाढतो.

हातांची स्वच्छता ही बाब क्षुल्लक वाटते, पण सूतिकाज्वराचा सारा इतिहास हातांचाच आहे. व्हिएन्नातील इग्नाझ झेमेलव्हाइस यांनी १८४७ साली प्रसूतिकक्षातील डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्यास लावले, तेव्हा तेथील बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. संसर्ग वाहून नेणारे हात सुइणींचेच असतात, हा समज त्यामुळे उरला नाही. नखे कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या व हात साबणाने धुतलेले, ही तेल लावणारीची पहिली तयारी होय. बंद खोलीत बाजेखाली ठेवलेल्या शेगडीपासून भाजण्याचा व कार्बन मोनॉक्साइड वायूचा धोका असतो. तान्ह्याच्या खोलीतील धूर तर सर्वथा वर्ज्य समजावा. ऊब हवी असल्यास ती कढत पाण्याच्या पिशवीने, कापड मध्ये घालून देता येते.

जामखेडचा प्रयोग : सुईण व तेल लावणारी स्त्री यांना दूर न सारता आरोग्यव्यवस्थेत आणता येते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जिल्ह्याच्या आग्नेयेकडील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या वेळी या दुष्काळी भागात हजार जिवंत जन्मांमागे सु. १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत असत. गावांनी निवडलेल्या, बहुतेक निरक्षर व अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून शिक्षण देण्यात आले. हात धुणे, नाळ कापण्यासाठी निर्जंतुक पाते व दोरा वापरणे, जोखमीची गर्भिणी ओळखून वेळेवर पुढे पाठविणे, या साध्या गोष्टींवर भर होता. दोन दशकांत अर्भकमृत्यूंचे प्रमाण मूळच्या एक-चतुर्थांशाहूनही खाली आले. आरोळे दांपत्यास १९७९ चा मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. ज्या हातांना गाव शिवत नव्हते, त्याच हातांकडे प्रसूतीचे ज्ञान सोपविण्यातील सामाजिक अर्थ वैद्यकीय यशाइतकाच मोठा आहे.

आज आशा कार्यकर्तीने नवजात अर्भकाच्या देखभालीसाठी घरी द्यावयाच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवशीची एक भेट वाढते. तेल लावणारी बाई मात्र त्याच काळात तीस-चाळीस वेळा त्या घरी जाते आणि बाळंतिणीचे सर्व अंग पाहते. ताप हाताला लागतो, पायाची सूज दिसते, पान्हा आला की नाही ते कळते. पहिल्या पंधरवड्यातील सहज रडू येणे बहुधा आपोआप ओसरते. पण बाळंतीण गप्प राहू लागली, मुलाकडे पाहीनाशी झाली, तर तेही प्रथम तिच्याच ध्यानात येते. प्रसूतीनंतरच्या नैराश्यात हे लवकर ध्यानात येण्यास फार महत्त्व आहे. तरीही तिला कोणतेही प्रशिक्षण, नोंदणी वा अधिकृत स्थान नाही. शहरांतून ‘प्रसवोत्तर मालिश’ या नावाने सेवा पुरविणारी केंद्रे निघाली आहेत. त्यांचा मोबदला मोठा असला, तरी पायातील गुठळीची खूण तेथील कामगार स्त्रीस ठाऊक असेलच, असे नाही.

अन्यत्र आढळणाऱ्या प्रथा : बाळंतिणीस ऊब, तेल व एकांत देण्याची कल्पना भारतापुरती नाही. मलेशियात बिदान ही सुईण मर्दन करते, तापवलेला दगड कापडात गुंडाळून पोटावर शेक देते व लांब पट्ट्याने पोट बांधते. चीनमध्ये बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही. मेक्सिकोत चाळीस दिवसांचे पथ्य असून गर्भारपणातही पोटाचे मर्दन करण्याची चाल आहे. केरळात औषधी पाल्याच्या उकळलेल्या पाण्याचे स्नान प्रसिद्ध आहे.

तान्ह्याचे मर्दन : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींनुसार पूर्ण दिवसांच्या निरोगी अर्भकाचे हलके मर्दन करण्यास हरकत नाही. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना खोबरेल चोळले असता त्यांचे वजन खनिज तेल चोळलेल्या अर्भकांपेक्षा अधिक वेगाने वाढले. मोहरीचे तेल कोवळ्या त्वचेस इजा करते, म्हणून ते टाळणे बरे. नाकात व कानांत तेल सोडणे, नाक चिमटून सरळ करणे, डोके दाबून गोल करणे, मुलाला उलटे धरून झुलविणे आणि नवजात अर्भकाचे स्तन पिळून चीक काढणे या चाली घातक आहेत. नाकातील तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो व पिळलेल्या स्तनात पू होतो. नाळेच्या देठास तेल, राख, हळद काहीही लावू नये. जन्मानंतर किमान २४ तास मुलास न्हाऊ घालू नये. त्यानंतरही तेल लावण्याची खोली उबदार असावी व सर्व आटोपण्यास दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. मूल रडू लागल्यास तेथेच थांबून त्याला आईजवळ द्यावे.